मनकर्णाबाईचे थेंब

मनकर्णाबाईने थोरल्या लेकाच्या, गजेंद्रच्या चहात पाच थेंब टाकले. दोघा भावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर दगड बसवायचा दिवस होता. पेरणीआधीच्या या दिवशी गजेंद्र कुऱ्हाड काढतो, हे अख्ख्या गावाला पाठ होतं.

थेंब तिचेच, झोपेचे. भांगेच्या झाडातून काढलेले. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं : हळूहळू चढतात, वाट पाहायची, उतावीळपणे आणखी घ्यायचे नाहीत. बाटलीवरही लिहिलं होतं, गाडी चालवू नये, यंत्र हाताळू नये. कुऱ्हाडीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

चहा पिऊनही गजेंद्र कुऱ्हाडीला धार लावतच राहिला. तिने ताकात पुन्हा तेवढेच टाकले.

धुऱ्यावर गाव जमलं. गजेंद्रला धरणारे नेहमीचे चौघे तयार होते. रीतच होती : त्याने कुऱ्हाड उगारायची, शिव्या द्यायच्या, चौघांनी त्याला लोंबकळायचं आणि धाकट्या ज्ञानेश्वरने मान खाली घालून दगड आपल्याच शेतात हातभर आत घ्यायचा. आजवर त्यात चौघांच्या सदऱ्यांखेरीज काही फाटलं नव्हतं.

आज गजेंद्र आला आणि दगडावर बसला. कुऱ्हाड मांडीवर आडवी, डोळे जड. पहार घेऊन उभ्या ज्ञानेश्वरकडे पाहून गोड हसला.

"हासतो काऊन बे?"

गजेंद्र आणखी हसला.

"माही जमीन खाऊन मलेच हासतो?"

ज्ञानेश्वरने पहार त्याच्या डोक्यात घातली. चौघे धावले आणि सवयीने गजेंद्रलाच घट्ट धरलं. मग पहार खांद्यावर बसली, मग बरगड्यांवर, मग लागेल तिथे. गजेंद्रने हात वर केला नाही. वर करायला तो मोकळाही नव्हता.

नांदुऱ्याला त्याच डॉक्टरांनी गजेंद्रच्या पापण्या उघडून पाहिल्या.

"आजी, खरं सांगा. ही गुंगी माराची की औषधाची? कळल्याशिवाय भूल देता येणार नाही मला."

मनकर्णाबाईने कनवटीची बाटली काढून टेबलावर ठेवली. "पाच चाहात. पाच ताकात."

डॉक्टरांनी बाटली उचलून उजेडात धरली. "आणि ज्याने मारलं, त्याला?"

"त्याले काऊन देऊ, सायेब?" ती म्हणाली. "तो तं लहानपणापासून शांत हाय."