आठपैकी शून्य

“गेल्या महिन्यात घरात खायला काहीच नाही, असं कधी झालं का?” हिमानीने विचारलं.

“आमच्या घरात?” बानाबाईने पदर सावरला. “नाय वो ताई. देवाचं दिलेलं लई हाय.”

हिमानीने टॅबवर ‘नाही’ दाबलं. हा सहावा ‘नाही’.

प्रश्न एकूण आठ. काढले केनियाच्या डॉ. वंबुईंनी, तिकडच्या दुष्काळी भागासाठी. संभाजीनगरच्या विद्यापीठाने त्यांचं मराठी केलं आणि हिमानीच्या हाती देऊन ते खुलताबाद तालुक्यात आणलं. चार ‘हो’ आले की घर गरजू, आणि गरजू घराला कमी पाण्यावर तगणारं केनियाचं ज्वारीचं बियाणं, एकरभर, फुकट. यादीत नाव यावं म्हणून बानाबाईनेच नवऱ्याला, मल्हारीला, ग्रामपंचायतीत तीनदा पिटाळलं होतं. पण दारात आलेल्या पाहुण्यापुढे घरात दाणा नाही म्हणायचं, हे काही तिच्याने होईना. त्यातून आज पाहुणी थेट आफ्रिकेची. डॉ. वंबुई समोरच बाजेवर बसल्या होत्या.

शेजारच्या मालनबाईंचं तसं नव्हतं. सहा एकर अद्रक, दारात ट्रॅक्टर, आणि आठपैकी सहा ‘हो’. त्यात खोटं एकही नाही. दिवसभर न जेवता कोणी राहिलं का? सोमवार, शनिवार, दोन एकादश्या, एक चतुर्थी. तेच ते खावं लागलं का? साबुदाणा आणि भगर, दुसरं चालतं काय? रात्री उपाशी झोपलात का? एकादशी कुठं रात्री सुटते! टॅबने त्यांना लाल रंगात टाकलं : तीव्र भूक. तीव्र भुकेल्या मालनबाई आता बानाबाईच्या ओट्यावर ऐसपैस बसून शेजारणीचा निकाल ऐकत होत्या.

“मावशी, नीट आठवा ना,” हिमानी काकुळतीला आली. “एखाद्या दिवशी थोडं कमी पडलं असेल.”

“आठव की गं,” मल्हारी म्हणाला. “मंगळवारी—”

“मंगळवारी तुमचं पोट दुखत व्हतं,” बानाबाईने त्याला तिथंच गप्प केलं.

आठही ‘नाही’. टॅब हिरवागार झाला. बियाणं गेलं.

बानाबाई उठली. टोपल्यातल्या दोन भाकरी आणि ठेचा तिने पाहुण्यांपुढे ठेवला. टोपलं मात्र लगेच चुलीमागे सारलं, आत डोकावायला कोणाला संधी नको.

डॉ. वंबुईंनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला, डोळे पुसले आणि मग इंग्रजीत बरंच काही बोलल्या. हिमानीला हसू आलं.

“बाई म्हणतात, हे प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी स्वतःच्या आईला विचारले होते. ऐन दुष्काळात. आईलाही आठपैकी शून्य.”

“मंग?” मल्हारी पुढे सरकला. “त्यांचंबी बियाणं गेलं?”

“नाही. बाई वडिलांना शेताकडे घेऊन गेल्या आणि तेच आठ प्रश्न तिथं पुन्हा विचारले.”

मल्हारी उठला. त्याने पटका बांधला, वहाणा पायात सरकवल्या.

“चला म्याडम,” तो म्हणाला, “मेंढरं दावतो.”

मालनबाईही गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या.

“तुम्ही बसा वो,” बानाबाईने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. “भुकेल्या जिवानं उन्हात कशाला?”

मग नवऱ्याकडे न बघता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“सावकाश दावा. लई मेंढरं हायेत आपली.”

मेंढरं चार होती.