तळहाताएवढा देश

रंगारी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून तांबड्या रंगावरची धूळ पुसत होता, तेवढ्यात साहेब नकाशाच्या दालनात आले.

परराष्ट्र कचेरीच्या या दालनात नकाशा भिंतभर होता. साम्राज्याचे मित्र पिवळे, शत्रू तांबडे, छत्राखालचे देश निळे. खाली कोपऱ्यात वाळवंट पांढरं होतं. जिथे माणूसच नाही तिथे धोरण तरी कुणाशी ठेवणार? पांढरा डबा रंगाऱ्याने एकतीस वर्षांत उघडला नव्हता. बाकीच्या डब्यांना मात्र उसंत नसे. राजा बोले, दळ हाले, आणि रंगारी शिडी चढे.

डोंगरापलीकडचा तो देश नकाशावर तळहाताएवढा होता. रंगाऱ्याने तो आधी निळा रंगवला होता. खिंडीतली वाट हवी झाली तेव्हा पिवळा केला. त्यांनी वाट दिली नाही तेव्हा तांबडा. नवे मंत्री आले, पुन्हा पिवळा. ते गेले, पुन्हा तांबडा. साम्राज्याची मैत्री म्हणजे अळवावरचं पाणी. थरावर थर चढून तो देश इतका फुगला होता, की डोळे मिटूनही बोटाला सापडायचा.

रंगाऱ्याची ताई तिथे दिलेली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. दोन वर्षांपूर्वी शेवटचा तांबडा हात त्याने स्वतः मारला आणि त्याच आठवड्यात पत्रं बंद झाली. घरी बोलायला कुणी नव्हतं. कचेरी सुटली की तो त्या फुगवट्यावर बोट टेकवून विचारायचा, "ताई, जेवलीस का?" वेडेपणाच तो, पण त्याला फार एकटं वाटायचं.

"उद्या सकाळी रंग बदलायचाय," साहेब म्हणाले आणि त्यांनी सीलबंद पाकीट पुढे केलं. "त्याच देशाचा."

रंगाऱ्याने शिडी घट्ट धरली. "भांडण मिटलं, साहेब?"

"मिटलं. आता त्यांच्याशी कसलंच भांडण नाही."

"मग मी जाऊन आलो तर चालेल? माझी बहीण असते तिथं."

"ठाऊक आहे मला." साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. "परवाना लागणार नाही आता." दाराशी जाऊन ते थांबले. "आठ दिवस रजा घे. सही करून ठेवतो."

साहेबांनी न मागता रजा दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. रंगाऱ्याला वाटलं, माणूस वरून फणस, आतून गोड. संध्याकाळच्या वर्तमानपत्रातही मोठ्या अक्षरांत होतं, 'सीमेचा प्रश्न कायमचा निकाली.' त्याने ताईसाठी लोकरीची शाल घेतली, पिशवी भरली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच घरात गुणगुणला.

सकाळी पिशवी शिडीच्या पायाशी ठेवून त्याने पिवळा डबा उघडला. रंग नीट घोटला, ब्रश बुडवला आणि वर चढला. पाकीट ब्रश हातात घेतल्यावरच फोडायचं, असा कचेरीचा नियम होता. त्याने बोटाने फुगवटा चाचपला.

"आलोच, ताई," तो म्हणाला आणि नियम म्हणून पाकीट फोडलं.

आतल्या कागदावर एकच शब्द होता. पांढरा.