नदीकडची बाजू

आयोवातल्या त्या काउंटीत पूरबांध सरळ न्यायचा की वळवायचा, हे तीन जणांच्या मंडळाने ठरवायचं होतं. एक म्हणाला सरळ, दुसरा म्हणाला वळवा, आणि सगळे तिसऱ्याकडे, वर्लिन टॉफ्टकडे बघायला लागले.

"तुमच्या घराला वळसा घालून नेता येईल," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "पण मग नदीला जागा कमी पडेल आणि पाणी गावात शिरेल."

वर्लिनने सरळ बांधासाठी हात वर केला.

घरी त्याची बायको आर्डिस वाटच बघत होती. "मग? आपण कुठल्या बाजूला?"

"नदीच्या."

"चाळीस वर्षांच्या संसारात एकदा तरी मला विचारून काही केलंस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हेच म्हणाले असते. पण विचारायचं तरी!"

आणि ती लोणच्याच्या बरण्या वरच्या मजल्यावर न्यायला लागली. घर सोडून जायचा विषय दोघांनीही काढला नाही.

एप्रिलमध्ये उत्तरेकडचं बर्फ वितळलं आणि नदी फुगली. गावात एकाच्याही तळघरात पाण्याचा थेंब आला नाही. टॉफ्टांच्या बैठकीच्या खोलीत मात्र छातीइतकं पाणी होतं, म्हणून दोघांनी वरच मुक्काम टाकला.

रविवारी चर्च सुटल्यावर अर्धं गाव सफरचंदाचे केक घेऊन होड्यांतून वर्लिनचे आभार मानायला निघालं.



"वर्लिन, पाहुणे आलेत," आर्डिस केस सारखे करत म्हणाली. "खिडकी उघड."