मोरीतल्या मुंग्या

“मोरीत पाह्यलं?” शेषरावांनी बाजेवरूनच विचारलं.

“पाह्यलं. आजबी हायेत मुंग्या,” रुखमाबाई म्हणाली. “पडून राहा.”

झाला निकाल. सकाळी मोरीत डोकवायचं आणि नवऱ्याला आणखी एक दिवस बाजेवर ठेवायचं, हा तिचा आठ महिन्यांचा नेम होता.

शेषरावांच्या पायात काटा मोडला आणि जखम भरता भरेना. वैद्यांनी विचारलं, लघवीला मुंग्या लागतात का? रुखमाबाईनं मोरी पाहिली. लागत होत्या. गोड लघवीचा रोग, वैद्य म्हणाले, यात पाय बधिर होतात. गूळ बंद, मुंग्या जाईपर्यंत चालणं बंद.

जखम पुढे भरली, मुंग्या मात्र जाईनात. तिनं त्यांच्या वहाणा माळ्यावर टाकल्या आणि बाजेखाली मडकं ठेवलं. ते ती रोज उकिरड्यावर ओतून येई; मोरी आता तिच्या एकटीच्याच वापरात होती. डिप्टी कमिशनरसाहेबांचा दौरा गावात आला, तोही शेषरावांनी खिडकीतूनच पाहिला. बसून बसून मांड्या वाळल्या. घरात दोघंच, त्यामुळे ती म्हणेल तो कायदा. त्यांना तिचा मनापासून राग येई.

ती तरी कुठे सुटली होती? मडकं उचलायचं, कारल्याचा रस काढायचा, त्यांच्या वाटचा गूळ वाया जाऊ नये म्हणून आपणच संपवायचा. राबून तिचा घसा कोरडा पडे. तांब्यामागून तांब्या पाणी पिई.

रोहिणखेडला त्यांच्या लेकीला, आशाबाईला, नऊ वर्षांनी मूल झालं होतं. उद्या बारसं होतं.

“मले गाडीत घालून ने,” शेषराव म्हणाले. “नातवाचं तोंड पाहू दे.”

“मुंग्या गेल्या की जाऊ.”

ती भाकरी करायला गेली. शेषरावांनी दात आवळले आणि भिंत धरून उठले. चालून दाखवलं तर नेईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. पाय लटपटत होते, पण सारवलेली भुई तळव्यांना गार लागली. त्यांना रडूच आलं.

चुलीकडून जळका वास येत होता. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचले.

“काऊन उठले जी?” रुखमाबाईनं मान वर न करता विचारलं.

“भाकर करपून राह्यली.”

“भाकर चांगली हाये. तुमाले सांगतलं ना, मुंग्या हायेत अजून.”

चुलीतून निसटलेल्या निखाऱ्यावर तिची टाच टेकली होती. कातडं चरचरत होतं, आणि ती शांतपणे भाकरी उलटत होती.