शेजारची खुर्ची

“दिवे?”

“चालू.”

“ब्रेक?”

“सोडले.”

निवृत्तीपासून रोज संध्याकाळी दिगंबरराव कॉम्प्युटरवर विमान उडवायचे आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या कुंदाताई उड्डाणाआधी वहीतली यादी बघून त्यांना एकेक विचारायच्या. बसल्या जागी दोघं काठमांडूलासुद्धा जाऊन आली होती.

आज मुलानं नवा सिम्युलेटर बसवून दिला. त्यातले ढग अगदी खरे वाटत होते, आणि यादी वाचणारा सहवैमानिक आतच होता.

“सुटलीस गं तू!” पडद्यावरून नजर न काढता दिगंबरराव खुशीत म्हणाले.

“बरं झालं,” म्हणून कुंदाताईंनी वही मिटली आणि खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली.

बाहेरच्या खोलीत विमान उडालं, तेव्हा इकडे दूध वर येत होतं.

“गॅस?” सवयीनं त्यांनी विचारलं.

मग बटण फिरवत त्याच म्हणाल्या, “बंद.”