सहा सेकंदांचा घुमार

त्या आवाजावर अकरा जणांनी मत नोंदवलं होतं. सात जणांनी ‘माळढोक’ म्हटलं, तिघांनी ‘सांगता येत नाही’. पुण्याच्या एका निवृत्त मास्तरांनी मात्र लिहिलं होतं, ‘जवळ गाव आहे. चर्मवाद्य नसेल कशावरून? स्थानिक कुणी खात्री करावी.’

स्थानिक म्हणजे शिवप्रिया. अणदूरची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. गावाबाहेरच्या माळावर बाभळीला ध्वनिमुद्रक तिनंच बांधला होता. तो जे ऐकेल ते ती संकेतस्थळावर चढवायची आणि देशभरातली हौशी माणसं घरबसल्या ऐकून सांगायची, हा तित्तर, हा वारा, हा ट्रॅक्टर. नऊ ऑगस्टच्या सकाळी त्यात सहा सेकंदांचा एक खोल घुमार आला होता. हूंऽम. मग शांतता.

माळढोक या बाजूला कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. माळ सौर पॅनलसाठी दिलेला. महिनाअखेरीपर्यंत नोंद पक्की झाली, तरच काम थांबवून पाहणी करू, असं वनाधिकारी म्हणाले होते. नाहीतर सप्टेंबरात जेसीबी.

आवाज ऐकताक्षणी शिवप्रियाला वाटलं होतं, पक्षीच. म्हणूनच तिनं त्या वाटण्यावर विश्वास ठेवला नाही.

दर रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळासमोर गाणं असे. गुंडप्पा गात आणि रामकिसनमामा संबळ वाजवत. शिवप्रिया चुकूनही रविवार चुकवत नसे. संबळाच्या जोडीतल्या मोठ्या भांड्यावर मामा वाकडी काठी घासत, तेव्हा उठणारा घुमार कानाआधी पोटात जाणवे. मामा तरुणपणापासून माळावर जाऊन सराव करत, हे गावाला ठाऊक होतं.

“आली बघा मशीनवाली!” गुंडप्पा माईकवरूनच म्हणाले. “आज कुठलं पाखरू धरलं?”

“आज मामांनाच धरायला आलेय.”

“धर की! पन मामीला इचार आधी. वापस मागंल ती.”

लोक हसले. मामाही हसले, सगळ्यांच्या मागोमाग.

गाणं सुरू झालं. मामा नेहमीसारखे गुंडप्पांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, नजर त्यांच्या ठेका धरणाऱ्या पायावर. मध्येच भोंगा कर्कश किंचाळला. लोकांनी कानांवर हात ठेवले, एक पोर रडायला लागलं. मामांची काठी तसूभर हलली नाही. अशी तंद्री शिवप्रियानं दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती.

तुलनेसाठी तिनं संबळ मुद्रित केला, पण भोंग्याच्या गुरगुरीत खालचे सूर बुडून गेले. मग गाणं संपल्यावर तिनं आपला हेडफोन मामांच्या कानांवर चढवला आणि नऊ ऑगस्टची फीत लावली.

मामांनी डोळे मिटले. मान डुलू लागली. फीत संपली तरी ती डुलतच होती.

“लागली तंद्री,” गुंडप्पा म्हणाले. “आता जेवायच्या टायमाला उतरंल.”

तिनं हलकेच हेडफोन काढला. मामा तिच्या तोंडाकडं टक लावून बघू लागले.

“मामा, हा तुमचा संबळ आहे?”

“व्हय,” मामा ओरडून म्हणाले. जन्मभर संबळाशेजारी बसलेल्या माणसाचा आवाज असाच असायचा.

“तुम्ही अजून माळावर सरावाला जाता?”

“व्हय की.”

“नऊ तारखेला सकाळी तुम्हीच वाजवत होता?”

“आता किती येळा इचारशील गं? व्हय म्हनलं न्हवं!”

तीनदा विचारून तीनदा एकच उत्तर आलं. शिवप्रियाची पडताळणीची तीच रीत होती.

घरी येऊन तिनं संकेतस्थळावर ती नोंद उघडली. माळ वाचायला हवा होता. पण खोट्या नोंदीवर नको. तिनं ‘मानवी आवाज, वाद्य’ यावर बोट ठेवलं. स्थानिक पडताळणी झाली की नोंद कायमची बंद होत असे. ती बंद झाली. पुण्याच्या मास्तरांनी खाली लिहिलं, ‘प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन.’

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी जेसीबी आले. ध्वनिमुद्रक सोडवायला ती गेली, तेव्हा बाभूळ आडवी पडली होती आणि अर्ध्या माळाचा मुरूम उघडा झाला होता. पडलेल्या फांदीवरून तिनं ध्वनिमुद्रक सोडवून घेतला.

परतताना ती मामांच्या घरी वळली. माळ गेला, निदान माळावरचा त्यांचा सराव त्यांच्यापाशी राहावा, म्हणून तिनं ती फीत एका छोट्या स्पीकरमध्ये भरून आणली होती.

तारामतीमामी ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होत्या. पलीकडं मामा पाठ करून संबळाची वादी आवळत होते. जेसीबीची घरघर इथवर येत होती.

“ऐका मामी, मामांचा माळावरचा संबळ.”

हूंऽम.

मामींचा हात शेंगांवर थांबला. “परत लाव.”

हूंऽम.

“ह्यो संबळ न्हाय गं. चाळीस वर्सं ऐकतीया म्या. काठी घासली की सूर सरकतो, ह्यो एका जागी बसला.” त्या स्पीकरकडं वाकल्या. “पोरगी असताना शेरडांमागं जायची, तवा माळावर असंच बोलायचं. हूम म्हनायचो आमी त्याला. एवढं मोठं पाखरू. कुठं घावलं तुला?”

“पण मामांनीच सांगितलं, मामी. कानाला लावून ऐकलं आणि सांगितलं.”

मामींनी नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. मग आवाज जरासुद्धा न उतरवता त्या म्हणाल्या, “गुंडप्पाला तेवढं सांगू नगंस, देवळापुढची जागा जाईल त्यांची. दोन वर्सं झाली, त्यास्नी कायबी ऐकू येत न्हाय.”