तिसऱ्या प्लगची वायर

मालगुजाराची जुनी मोटार इंजिनाचा ठोका चुकवणारी तीच मिसिंग घेऊन पुन्हा दारात आली, तीही टाकीत घोटभर पेट्रोल ठेवून. शालिकराम मिस्त्रीचं डोकं सणकलं. भर उन्हात चालू इंजिनावर वाकून, एकेका प्लगची वायर काढत तो आवाज ऐकू लागला. पण दारातून बायको, गोपिका, ऐकू देईल तर ना!

"माह्या कुरडयांवर धूर बसून राहिला! तुमाले डोळे हायेत का..."

त्यानं तिसरी वायर उपटली. मिसिंग थांबली. गोपिकाही मधेच थांबली.

वायर लावताच इंजिन खोकलं.

"...नाहीत? सकाळपासून राबून राहिली मी!"

मुद्दाम करून राहिली, त्याला वाटलं.

"चूप राय वं!" ओरडून त्यानं वायर पुन्हा ओढली. इंजिन कसं एका सुरात चालू लागलं. दारातही शांतता. त्यानं निवांत बिडी शिलगावली आणि मग मागं पाहिलं.

गोपिका तोंड उघडं ठेवून उभी होती. गरम वाऱ्यात कुरडयांवरचं फडकं फडफडत होतं. तिचा उडालेला पदर मात्र हवेत तसाच थांबला होता.

बिडी टाकून शालिकराम वायरीवर झेपावला. ती प्लगला टेकायच्या आत एक आचका देऊन इंजिन बंद पडलं.